'सवय लावली कोणी?' या प्रश्नाच्या पलीकडे : किशोरवयीन धूम्रपानाचे एक प्रकरण

पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या दप्तरात शिक्षकांना सिगारेटचे पाकीट सापडले. शाळेने त्याला तीन दिवस घरी बसवले, वडिलांनी मोबाइल काढून घेतला आणि पुढच्या आठवड्यात आई त्याला घेऊन समुपदेशकाकडे आली. मुलगा अभ्यासात मध्यम, स्वभावाने शांत आणि लहानपणापासून मैदानावर रमणारा होता. त्याच्याविषयी घरात आजवर कसलीही तक्रार नव्हती. आईचा पहिला प्रश्न होता, "सर, हा असा नव्हता. याला ही सवय लावली कोणी?" वडील स्वतः गेली अनेक वर्षे सिगारेट ओढतात, ही गोष्ट दुसऱ्या भेटीत निघाली.

हे प्रकरण एका विशिष्ट मुलाचे नाही. किशोरवयीन धूम्रपानाच्या समुपदेशनात पुन्हापुन्हा समोर येणारे तपशील एका मुलाच्या कहाणीत एकत्र आणून ते मांडले आहे. त्यामुळे कोणाची ओळख उघड होत नाही आणि कारणांची साखळी मात्र सलग पाहता येते. ज्या संशोधनाचा उल्लेख पुढे येतो, ते प्रत्यक्षातले आहे.

आईचा प्रश्न स्वाभाविक होता, पण त्याने तपासाची दिशा चुकत होती. सवय लावणारा एक माणूस सापडला की त्याच्यापासून मुलाला तोडायचे आणि प्रश्न मिटवायचा, असे त्यामागचे गृहीतक असते. प्रत्यक्षात या मुलाने पहिली सिगारेट एका कारणाने ओढली, दहावी दुसऱ्या कारणाने आणि शंभरावी तिसऱ्याच कारणाने. कारण बदलत गेले, आणि घरातली व शाळेतली मोठी माणसे मात्र पहिल्याच कारणाचा शोध घेत राहिली. या प्रकरणातून मला प्रामुख्याने हेच दाखवायचे आहे.

घटनाक्रम

दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबाने गाव बदलले. जुन्या शाळेत हा मुलगा संघातला भरवशाचा खेळाडू होता. नव्या शाळेत संघ आधीच ठरलेला होता, आणि निवडीच्या वेळी त्याला 'पुढच्या वर्षी पाहू' असे सांगण्यात आले. मोठ्यांना ही बाब किरकोळ वाटली. मुलाच्या दृष्टीने मात्र त्याची ओळखच एका दिवसात पुसली गेली होती. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर उभे राहायचे, हा प्रश्न त्याला कित्येक महिने रोज पडत होता आणि त्याने तो घरी कोणालाही सांगितला नाही.

त्याच सुमारास एका कौटुंबिक समारंभात त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या चुलतभावाने त्याला गच्चीवर नेले आणि सिगारेट पुढे केली. त्याने दोन झुरके घेतले. ठसका लागला, डोके गरगरले, मळमळले. त्याला ती अजिबात आवडली नाही आणि त्यानंतर पाच-सहा महिने त्याने सिगारेटला हातही लावला नाही. हा मधला काळ महत्त्वाचा आहे, कारण 'एकदा ओढली की संपलेच' या समजुतीला तो छेद देतो. पहिला झुरका घेणारी सगळीच मुले पुढे ओढत राहत नाहीत. शरीराची पहिली प्रतिक्रिया बहुधा नकाराचीच असते. तो नकार ओलांडायला काहीतरी बळकट कारण लागते.

या मुलाला ते कारण शाळा सुटल्यावर भिंतीपलीकडे जमणाऱ्या चौघांच्या गटात मिळाले. त्यांच्यातला एक जण त्याच्याच वर्गातला होता आणि त्या शाळेत त्याच्याशी आपणहून बोललेला तो पहिला मुलगा होता. काही दिवस हा नुसताच त्यांच्याबरोबर उभा राहिला. एके दिवशी सिगारेट त्याच्यापर्यंत आली, तेव्हा तो म्हणाला, "मी आधी ओढली आहे." गच्चीवरचे ते दोन नकोसे झुरके इथे त्याच्या कामी आले. त्याला ठसका लागला नाही, कोणी हसले नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी जागा आपोआप झाली.

पुढचे काही महिने आठवड्याला एक-दोन, त्याही वाटून घेतलेल्या सिगारेटी, एवढेच प्रमाण राहिले. मग परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी घरात अभ्यासावरून मोठे भांडण झाले, तो बाहेर पडला आणि त्याने पहिल्यांदा एकट्याने सिगारेट ओढली. त्याला स्वतःला ही घटना विशेष वाटली नव्हती. घटनाक्रम लिहून काढताना ती सापडली. या सवयीची दिशा ज्या दिवशी बदलली तो दिवस माझ्या मते हाच होता. तोपर्यंत सिगारेट गटाची होती, त्या दिवसापासून ती त्याची झाली. शाळेला पाकीट सापडले तेव्हा तो दिवसाला चार-पाच सिगारेटी ओढत होता, आणि सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडता आले नाही की चिडचिड करत होता. ही चिडचिड घरच्यांनी 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून दिली होती.

सामाजिक बाजू

मित्रांच्या दबावाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा जबरदस्तीचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. या मुलावर कोणीही जबरदस्ती केली नव्हती. 'नको' म्हटले असते तर काय झाले असते, असे विचारल्यावर त्याने बराच विचार करून सांगितले, "काहीच झालं नसतं. पण मग मी तिथे का उभा आहे, हे मलाच कळलं नसतं." ज्याला आपण दबाव म्हणतो तो बहुतांशी असा आतून येतो. बाहेरून कोणी ढकलत नाही. आपल्याला सामावून घेणाऱ्यांसारखे होण्याची ओढच पुरेशी असते.

मित्रांमुळे मूल बिघडते, की बिघडायच्या वाटेवरचे मूल तसे मित्र शोधते, हा वाद जुना आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेनिस कॅन्डेल यांनी १९७८ मध्ये किशोरवयीन मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मित्रांमधले साम्य दोन्ही मार्गांनी येते, असे त्यात दिसले. मुले आपल्यासारख्यांची निवड करतात आणि निवडल्यावर एकमेकांसारखी होत जातात. या प्रकरणात दोन्ही गोष्टी आहेत. मुलगा सिगारेटच्या शोधात त्या गटाकडे गेला नव्हता, तो सोबतीच्या शोधात गेला होता. पण आपण आधी ओढली आहे हे सांगून त्याने त्या गटाशी साम्यही स्वतःच दाखवले होते. 'वाईट संगत' या दोन शब्दांत हे सगळे मावत नाही, आणि त्या शब्दांचा एक तोटाही होतो. आपल्या एकुलत्या एका मित्राला वाईट म्हटले गेले की मूल मित्राच्या बाजूने उभे राहते आणि घराशी बोलणे बंद करते. इथे नेमके तेच झाले होते.

मित्र नुसते आसपास असण्याचाही परिणाम होतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोरवयीन, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर गाडी चालवण्याचा, जोखीम घेतली तर गुण वाढणारा, खेळ खेळायला दिला होता. समवयस्क सोबत असताना किशोरवयीनांनी एकटे असतानापेक्षा बरीच जास्त जोखीम घेतली, प्रौढांमध्ये मात्र असा फरक जवळजवळ दिसला नाही. घरी एकटा असताना सिगारेटचे तोटे नीट सांगू शकणारा मुलगा मित्रांत गेल्यावर ते विसरतो, याचे स्पष्टीकरण यातून मिळते. माहिती त्याच्याकडे असते, पण त्या क्षणी तिचे वजन कमी झालेले असते.

आणखी एक सामाजिक घटक गणिताच्या चुकीसारखा आहे. 'आमच्या वर्गातली निम्मी मुले तरी ओढतात,' असे त्याने सुरुवातीला ठामपणे सांगितले. नावे कोणालाही कळवायची नाहीत या अटीवर त्याला मनातल्या मनात मोजायला सांगितले, तेव्हा तो चाळीसच्या वर्गात पाचांवर थांबला. ओढणारी मुले एकत्र उभी राहतात म्हणून डोळ्यांत भरतात, न ओढणारी पस्तीस मुले कुठेच एकत्र दिसत नाहीत. किशोरवयीन मुले, विशेषतः स्वतः ओढणारी, समवयस्कांमधले धूम्रपान प्रत्यक्षापेक्षा जास्त समजतात, हे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. जे सगळेच करतात असे वाटते, ते करण्यासाठी कारण शोधावे लागत नाही.

घराचा भाग सर्वात नाजूक होता. वडील कामावरून थकून, त्रासून घरी येत, कोणाशी न बोलता बाल्कनीत जात आणि सिगारेट संपवून परत आल्यावर शांत दिसत. मुलाने हे बालपणापासून शेकडो वेळा पाहिले होते. वडील त्याला नेहमी सांगत, "माझ्यासारखी चूक करू नकोस." अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये सविस्तर मांडलेल्या सामाजिक अध्ययनाच्या सिद्धांतानुसार मूल केवळ कृती पाहून शिकत नाही, त्या कृतीचे समोरच्याला काय फळ मिळाले, हेही ते टिपते. या मुलाने वडिलांचे वाक्य ऐकले होते आणि बाल्कनीतून परतणारा शांत चेहरा पाहिला होता. भांडणानंतर त्याने एकट्याने जी सिगारेट ओढली, ती या दुसऱ्या धड्याप्रमाणे ओढली. सिगारेट ओढणाऱ्या आई-वडिलांच्या आणि मोठ्या भावंडांच्या घरातली मुले धूम्रपानाकडे वळण्याची शक्यता वाढते, हे बऱ्याच देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. याचा अर्थ वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असा नाही. ते स्वतःही लहान वयातच या सवयीत अडकलेले होते.

पडद्यावरच्या धूम्रपानाचा प्रभाव या मुलाने नाकारला, पण त्याच्या नकाराला मी फारसे महत्त्व देत नाही. मॅडेलिन डाल्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चित्रपटांतले धूम्रपान अधिक पाहिलेल्या १० ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये पुढे सिगारेट सुरू करण्याचे प्रमाण जास्त आढळले होते, आणि अशा प्रभावाची जाणीव प्रेक्षकाला सहसा नसते. उत्पादकांना मात्र या वयाचे महत्त्व पूर्वीपासून माहीत आहे. फिलिप मॉरिस कंपनीच्या १९८१ च्या एका अंतर्गत टिपणात आजचा किशोरवयीन हा उद्याचा संभाव्य नियमित ग्राहक आहे, असे स्पष्ट लिहिले होते. अमेरिकेतील खटल्यांमुळे असे दस्तऐवज पुढे सर्वांसाठी खुले झाले. रोज धूम्रपान करणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावरील सरकारच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याचा, २०१२ चा अहवाल सांगतो. हे दोन्ही तपशील शेजारी ठेवले की एका मुलाच्या 'चुकीभोवती' किती मोठी व्यवस्था उभी आहे, याचा अंदाज येतो.

मानसिक बाजू

हा मुलगा नैराश्याचा रुग्ण नव्हता. पहिल्या भेटींत त्याची मनःस्थिती, झोप, भूक आणि स्वतःला इजा करण्याचे विचार यांविषयी नीट विचारपूस करण्यात आली. ती पायरी अशा कोणत्याही प्रकरणात गाळू नये, कारण किशोरवयात नैराश्य, चिंता आणि धूम्रपान अनेकदा एकत्र आढळतात. त्याच्याकडे जे होते ते आजाराच्या व्याख्येत बसणारे नव्हते. गाव बदलल्यापासूनचा एकटेपणा, हरवलेले स्थान आणि मनातले बोलायला कोणीच नसणे, असे ते दुखणे होते.

सिगारेटने त्याला काय दिले, असे त्याला थेट विचारले गेले. हा प्रश्न कोणी विचारेल अशी त्याची अपेक्षा नव्हती, त्यामुळे त्याने तो टाळलाही नाही. तिने त्याला उभे राहण्याची जागा दिली, हातांना काम दिले, आपण आता लहान राहिलो नाही ही भावना दिली आणि घरातून दहा मिनिटे बाहेर पडण्याचे निमित्त दिले. शरीराने मोठे झालेले पण निर्णयाचे कोणतेच अधिकार नसलेले हे वय असते. मोठ्यांच्या जगातली जी वस्तू सर्वात सहज हाती लागते, तिला त्यामुळे अवाजवी किंमत येते. तिच्यावर बंदी असते, ही गोष्ट तर किंमत वाढवणारीच ठरते.

धोक्यांविषयी तो अनभिज्ञ नव्हता. कर्करोग, हृदयविकार, फुप्फुसांची हानी हे सगळे त्याला पाठ होते. त्याचे म्हणणे एवढेच होते की आपण दोन-तीन वर्षांत सोडून देऊ. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये किशोरवयीन विचारपद्धतीचे जे वर्णन केले, त्यात 'इतरांना जे होते ते मला होणार नाही' अशी स्वतःविषयीची खासगी समजूत आणि 'सगळे माझ्याकडेच पाहत आहेत' अशी काल्पनिक प्रेक्षकांची जाणीव, या दोन गोष्टी ठळक आहेत. दोन्ही इथे जागोजागी दिसतात. ठसका लागला तर सगळे पाहतील, ही भीती त्या मुलासाठी चाळीस वर्षांनी होऊ शकणाऱ्या आजारापेक्षा कितीतरी खरी होती.

ताणाचा प्रश्न मात्र सर्वात जास्त वेळ घेणारा ठरला. सिगारेटने ताण कमी होतो, यावर त्याचा पक्का विश्वास होता, आणि त्याचा अनुभव खोटा नव्हता; त्या अनुभवाचा अर्थ चुकीचा लावला गेला होता. त्याला एक आठवडा वहीत नोंद करायला सांगितले: प्रत्येक सिगारेटच्या आधी काय घडले, मन कसे होते, आधीची सिगारेट किती वाजता झाली होती. त्याचा अंदाज होता की भांडण, अभ्यास आणि शिक्षकांचे बोलणे हीच कारणे निघतील. वहीत सर्वात ठळक दिसली ती सकाळची, शाळेच्या वाटेवरची सिगारेट, जिच्या आधी काहीच घडलेले नसे. झोपेतून उठलेल्या मुलाला कशाचा ताण आला होता?

याचे उत्तर शरीरात आहे. धुरातले निकोटिन काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते, तिथल्या पेशींवरच्या विशिष्ट ग्राहींना (रिसेप्टरना) जाऊन चिकटते आणि आनंद व बक्षिसाशी संबंधित भागात डोपामिन हे रसायन वाढवते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. रात्रभराच्या खंडानंतर सकाळी शरीर त्याची मागणी करते, आणि ती मागणी अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणे या रूपांत जाणवते. म्हणजे सिगारेट जो ताण घालवते त्याचा मोठा भाग आधीच्या सिगारेटीनेच मागे ठेवलेला असतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अँडी पॅरट यांनी १९९९ मध्ये हाच मुद्दा विस्ताराने मांडला होता. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या संकलित विश्लेषणातही, धूम्रपान सोडलेल्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. मुलाला ही माहिती आधी सांगितली असती तर ते आणखी एक व्याख्यान झाले असते. स्वतःच्या वहीतून ती निघाल्यावर तो बराच वेळ ती पाने उलटत बसला.

'दिवसाला चार-पाच म्हणजे काही व्यसन नव्हे,' असे वडिलांचे मत होते. ही समजूत सार्वत्रिक आहे आणि किशोरवयीनांच्या बाबतीत ती घातक आहे. जोसेफ डिफ्रान्झा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १२-१३ वर्षांच्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. काही मुलांमध्ये रोज ओढण्याची सवय लागण्याच्या बरीच आधी अवलंबित्वाची लक्षणे दिसू लागली होती. त्यांनी तयार केलेल्या दहा प्रश्नांच्या यादीत सिगारेटींची संख्या विचारलीच जात नाही; सोडायचा प्रयत्न फसला का, तीव्र तलफ येते का, मनाई असलेल्या ठिकाणी न ओढता राहणे जड जाते का, न ओढल्यास चिडचिड होते का, असे प्रश्न असतात. एकाही प्रश्नाला 'हो' आले तरी स्वतःवरचा ताबा सुटू लागला, असे मानले जाते. या मुलाची सहा उत्तरे 'हो' होती. नियोजन आणि आवर यांच्याशी संबंधित मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे निकोटिनची पकड या वयात लवकर बसते. 'थोडीशीच ओढतो' या आधारावर प्रकरण सोडून देणारा पालक नेमका तो काळ गमावतो, ज्यात सुटणे तुलनेने सोपे असते.

मोठ्यांच्या प्रतिसादाचे काय झाले

शाळेच्या तीन दिवसांच्या शिक्षेने मुलाला मैदान, वर्ग आणि न ओढणारे सगळे विद्यार्थी यांच्यापासून दूर ठेवले, आणि ज्या चौघांमुळे तो अडचणीत आला असे शाळेचे म्हणणे होते, त्या चौघांच्या नजरेत त्याला मोठे केले, कारण त्याने कोणाचेही नाव सांगितले नव्हते. घरात रोज दप्तर तपासले जाऊ लागले, तेव्हा पाकीट दप्तराऐवजी दुसरीकडे ठेवले जाऊ लागले. वडिलांनी सडलेल्या फुप्फुसांची चित्रे दाखवली. मुलाने ती पाहिली आणि मनात म्हटले की बाबा तर रोज ओढतात. हे त्याने तिसऱ्या भेटीत सांगितले, वडिलांसमोर सांगायचे धाडस त्याला झाले नव्हते.

शिक्षा देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. सगळेच घाबरलेले होते. पण सिगारेट मुलाला ज्या चार गोष्टी देत होती, त्यांतली एकही या उपायांनी दुसरीकडून मिळाली नाही. उलट एकटेपणा वाढला आणि घराबाहेर पडण्याची गरजही वाढली. केवळ वर्गात शिकवून हा प्रश्न सुटतो, असेही मानता येत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात हचिन्सन प्रकल्पाने तिसरीपासून बारावीपर्यंत आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, त्यांतल्या सुमारे निम्म्यांवर, काळजीपूर्वक आखलेला, दबाव ओळखायला आणि नकार द्यायला शिकवणारा कार्यक्रम राबवला. २००० मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा कार्यक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांमधल्या धूम्रपानाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. जीवनकौशल्ये आणि सामाजिक प्रभाव यांची सांगड घालणाऱ्या इतर काही कार्यक्रमांना बरे यश मिळाले आहे, म्हणून शाळांनी हात टेकावेत असे नाही. पण एका धड्यावर विसंबून राहू नये, एवढे नक्की.

हस्तक्षेप

पहिली गोष्ट गोपनीयतेची होती. जिवाला धोका असेल अशा बाबी सोडून इथे बोललेले काहीही घरी वा शाळेत त्याच्या संमतीशिवाय जाणार नाही, हे तिघांच्या उपस्थितीत ठरले. वडिलांना ते पटायला वेळ लागला. त्यानंतरच्या भेटींत सिगारेट सोडण्याचा आग्रह मुद्दाम धरला गेला नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेल्या प्रेरणात्मक संवादाच्या पद्धतीत समुपदेशक सोडण्याच्या बाजूने वाद घालत नाही. तो वाद समोरच्याच्या मनात आधीपासून चालू असतो आणि त्याला तो मोठ्याने बोलायला मदत करायची असते. बाहेरून एक बाजू लावून धरली की मूल दुसरी बाजू घेते, हे प्रत्येक पालकाने अनुभवलेले असते.

मुलाचे स्वतःचे कारण चौथ्या भेटीत बाहेर आले, आणि ते आजाराचे नव्हते. खेळताना त्याचा दम लवकर संपू लागला होता. पुढच्या वर्षीची निवड त्याने मनातून सोडलेली नव्हती. आपली जागा दमामुळे जाईल, ही भीती त्याला खरी वाटत होती. जवळचे, दिसणारे आणि स्वतःच्या ओळखीशी जोडलेले कारण या वयात दूरच्या भयापेक्षा अधिक बळ देते. त्यापुढचे सगळे नियोजन याच कारणाभोवती बांधले गेले. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी त्याला संघात नव्हे, पण सरावाला घेण्याचे मान्य केले. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वात परिणामकारक निर्णय तोच होता, आणि तो कोणत्याही उपचारपद्धतीत मोडत नाही. भिंतीपलीकडे उभे राहण्याची वेळ आणि सरावाची वेळ एकच होती.

सोडण्याचा दिवस त्याने स्वतः ठरवला. त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो, तलफेची एक लाट बहुधा काही मिनिटांतच उतरते, हे त्याला आधीच सांगितले होते. काय होणार हे ठाऊक असले की चिडचिडीला माणूस स्वतःचा स्वभाव समजत नाही. मित्रांशी संबंध तोडायला सांगितले नाही. गटात राहून नकार कसा द्यायचा, याचा सराव करून घेतला, आणि 'दम लागतो, निवड आहे' हे वाक्य त्याने स्वतः निवडले, कारण त्यात कोणाला उपदेश नव्हता. निकोटिनच्या चिकटपट्ट्या किंवा च्युइंगगमचा विचार डॉक्टरांशी बोलून बाजूला ठेवला गेला. किशोरवयीनांमध्ये त्यांच्या परिणामाचा पुरावा प्रौढांइतका भक्कम नाही, आणि या मुलाचे अवलंबित्व त्यांच्याशिवाय हाताळण्याजोगे होते.

वडिलांबरोबर दोन स्वतंत्र भेटी झाल्या. त्यांना ताबडतोब सिगारेट सोडायला सांगितले असते तर ते कदाचित आलेच नसते. त्यांच्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या: घरात आणि बाल्कनीत ओढायचे नाही, आणि आपण किती वेळा सोडायचा प्रयत्न केला व तो कसा फसला, हे मुलाला खरेखरे सांगायचे. दुसरी गोष्ट त्यांना फार जड गेली. ते बोलणे झाल्यावर मुलाने समुपदेशकाला सांगितले की बाबांना हे जमत नाही, हे त्याला माहीतच नव्हते. त्यांना सोडायचेच नाही, असे तो समजत होता. 'माझ्यासारखी चूक करू नकोस' या वाक्यातून जे वर्षानुवर्षे पोहोचले नव्हते, ते या कबुलीतून पोहोचले.

परिणाम आणि उरलेले प्रश्न

पाचव्या आठवड्यात परीक्षेचा निकाल लागला, गुण घसरले होते, आणि त्या दिवशी त्याने तीन सिगारेटी ओढल्या. ॲलन मार्लॅट यांनी व्यसनमुक्तीच्या संदर्भात दाखवले आहे की एक घसरण माणसाला परत सवयीत नेत नाही. 'आता सगळे संपलेच' हा त्या घसरणीचा लावलेला अर्थ नेतो. ही शक्यता आधीच बोलून ठेवलेली असल्यामुळे मुलगा दुसऱ्या दिवशी भेटीला आला आणि त्याने ते लपवले नाही. सहा महिन्यांच्या शेवटी तो रोज ओढत नव्हता, सरावाला नियमित जात होता. त्या काळात दोनदा, दोन्ही वेळा चुलतभावाच्या सोबतीत, त्याने सिगारेट ओढल्याचे सांगितले. चुलतभावाला भेटीस बोलावण्याचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. चौघांपैकी वर्गातला मुलगा मात्र स्वतःहून एकदा चौकशी करून गेला.

या प्रकरणातून सगळ्या मुलांविषयी निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. मुलींमध्ये वजन वाढण्याची भीती हे सिगारेट न सोडण्याचे मोठे कारण असू शकते. घरात हिंसा किंवा तीव्र नैराश्य असेल तर आधी त्यावर उपचार करावे लागतात. ज्या मुलाकडे परत जाण्यासाठी मैदानासारखी जागाच नाही, त्याच्यासाठी ती नव्याने शोधावी लागते, आणि ते काम कितीतरी कठीण असते.

दोन प्रश्न अजून उघडे आहेत. गटातल्या एकाने ई-सिगारेट आणली असून तिने दम लागत नाही, असे तो सांगतो. निकोटिनच्या क्षारांमुळे अशा काही उपकरणांची वाफ घशाला टोचत नाही, म्हणजे पहिल्या झुरक्याला येणारा शरीराचा नकारच तिथे क्षीण होतो. निकोटिन मात्र मिळतच राहते. मुलाने याविषयी आपणहून विचारले, त्यामुळे पुढच्या भेटी याच विषयावर ठरल्या आहेत. दुसरा प्रश्न वडिलांचा आहे. त्यांनी घरात ओढणे थांबवले, नंतर पूर्ण सोडण्याचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू केले. त्यांना प्रौढांच्या व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवले असून, तिथल्या पहिल्या भेटीला मुलाने सोबत जावे की नाही, हे त्या दोघांनी मिळून ठरवायचे आहे.